शेवंतीवर लावलेला दिवा

"तिच्याकडं पिवळी शेवंती आली कुठून?" आज सकाळी चहाचा कप हातात घेऊन पडवीत उभ्या उभ्या ह्यांनी विचारलं. नजर गडग्यापलीकडे. गडगा म्हणजे आमच्या आणि लीलावयनीच्या परसामधला कंबरेएवढा दगडी बांध. त्याच्या पलीकडे, तिच्या मागच्या दारी, तेलाच्या रिकाम्या डब्यांची ओळ मांडलेली आहे आणि डब्यांतल्या रोपांवर आश्विन लागता लागता कळ्या धरल्या आहेत. बाकीच्या अजून हिरव्या गच्च मिटलेल्या, पण एकीने तोंड जरासं उघडलंय. आत पिवळं दिसतंय. ह्यांना तेवढं पुरे आहे.

"आषाढात तिचा सगळा वाफा गाळात गेलावता ना? मग?"

"चहा निवतोय," मी म्हटलं.

हे एसटीत तिकीट तपासायचे. महाडहून सुटलेली गाडी मधल्याच एखाद्या फाट्यावर हात दाखवून थांबवायची, दारात उभं राहायचं आणि भरलेल्या गाडीवरून एकदा सावकाश नजर फिरवायची. ज्याने तिकीट काढलेलं असतं तोसुद्धा घाबरून खिसे चाचपायला लागतो, असं हे अजून अभिमानाने सांगतात. निवृत्त झाले तेव्हा गाड्या सुटल्या, नजर काही सुटली नाही. दूध आलं की भांडं तिरपं करून बघणार, बाजारातून मासळी आली की कल्ले उघडून बघणार, आणि मी "डोकं दुखतंय" म्हटलं तरी आधी माझ्या तोंडाकडे बघणार. इतकी वर्षं अशा माणसाबरोबर काढल्यावर आपलाही हात आपोआप भांडं तिरपं करतो. माझा तर आधीपासूनच करायचा. शेवंती लावणाऱ्या बाईला भोळं राहून चालतच नाही.

कारण हे झाड वरून एक असतं आणि खालून एक. वरची पानं हिरवीगार, टवटवीत, आणि खाली मुळाशी कूज लागलेली. आपल्याला कळतं तेव्हा झाड हातात उपटून येतं. आमच्याकडे, महाडजवळच्या नाते गावाच्या बाजूला, पाऊस असा कोसळतो की डोंगरसुद्धा चार-चार दिवस दिसत नाहीत, आणि शेवंतीला तर पायाशी साचलेलं पाणी अजिबात खपत नाही. म्हणून आषाढात तिला डब्यात घालून पागोळीच्या आत ठेवायची, उघडीप मिळाली की बाहेर काढायची, पुन्हा आत घ्यायची. श्रावण सरताना उंच वाफा करून त्यावर लावायची. मग मावा पडतो. काळा, बारीक, कोवळ्या शेंड्याला चिकटलेला. लांबून बघितलं तर नुसती सावलीच वाटावी. चुलीतली राख चाळून पहाटेच्या दवावर ती फुंकायची. रोज पानं उलटून बघायची. एवढं करून झाड समोर हसत उभं असतं तेव्हाही माझ्या मनात पाल चुकचुकतेच.

ही पिवळी माझ्या माहेरची. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी, तिथे आईच्या दारात होती. बाजारात घाटावरून येते ती शेवंती मोठी, टपोरी, पण तिला वास नावाला. आईची फुलं रुपयाएवढीच, पाकळ्या आत वळलेल्या आणि वास उग्र. पान चुरडलं की बोटांना तो कडवट वास दिवसभर राहतो, साबणाने जात नाही. आई गेली, भाऊ मुंबईला गेले, दार बंद झालं आणि दारापुढचं सगळं रानाने खाल्लं. आता आईचं म्हणून माझ्याकडे आहे ते एवढंच, आणि तेही माझ्याकडे राहिलं ते माझ्या हाताने नव्हे.

लग्नानंतर आईने मला मातीच्या गोळ्यासकट तीन मुनवे दिले होते. मुनवे म्हणजे फुलं सरली, झाड बुंध्याशी छाटलं की भोवती जमिनीतून येतात ती पिल्लं. त्यातला एक मी गडग्यावरून लीलावयनीला दिला, कारण नवीन शेजारीण होती आणि द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. माझे दोन्ही पहिल्याच पावसात सडले. मी कोणाला बोलले नाही. फाल्गुनात एका सकाळी गडग्याच्या वरच्या सपाट दगडावर केळीच्या पानात चार मुनवे ठेवलेले होते. लीलावयनी पलीकडे भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमचीच हायत ती. माज्याकडं नुसती ऱ्हायला आलीवती."

तेव्हापासून ती रीतच पडली. दर फाल्गुनात छाटणी झाली की त्या दगडावर मुनवे ठेवायचे. कधी ती माझ्यासाठी, कधी मी तिच्यासाठी. पलीकडे काही कमी नसलं तरी ठेवायचे. कोणी मागायचं नाही आणि कोणी आभार मानायचे नाहीत, कारण मागून नेलेलं रोप लागत नाही असा आमच्याकडे समज आहे. चोरून नेलेलं मात्र हमखास लागतं म्हणतात. लीलावयनी हसत म्हणायची, "एकदा तुमच्याकडनं चोरूनच नेनार हाय मी, बगा मग कशी फुलत्यात." तिचा नवरा मुंबईला गिरणीच्या जागी झालेल्या कसल्याशा मोठ्या इमारतीत वॉचमन, गणपती आणि शिमग्याला यायचा. बाकी वर्षभर ती आणि मी, आणि मध्ये तो गडगा. संध्याकाळी त्या दगडावर कोपर टेकून आम्ही जेवढं बोललो असू तेवढं मी ह्यांच्याशी बोललेली नाही.

मग एका मार्गशीर्षात फुलं जायला लागली.

गुरुवारचा घट मांडायचा म्हणून मी आदल्या संध्याकाळी फुलं झाडावरच हेरून ठेवायची. सकाळी बघावं तर नेमकी तीच नाहीत. देठसुद्धा नाहीत, अगदी नखाने खुडल्यासारखं स्वच्छ. देवासाठी दुसऱ्याच्या दारातली फुलं तोडणं ही आपल्याकडे चोरी धरतच नाहीत. हातात पिशवी घेऊन पहाटे फिरायला निघणारी भली भली माणसं आहेत. त्यामुळे मी सगळ्यांवरच संशय घेतला. रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्यावर घेतला. देवळातल्या गुरवावर घेतला. बुलबुलांवर घेतला, शेजारच्या आळीतल्या बकरीवर घेतला. ह्यांनी मात्र एवढ्यांवर घेतला नाही. ह्यांनी एकावरच घेतला.

"तिचा घट बघितलास? पिवळी फुलं होती."

"अहो, तिच्याकडं पिवळीच शेवंती हाय. आपलीच."

"तेच तर. दोघींची एकच. वळखायची कशी?" हे म्हणाले. "आनि तिच्या बोटांना वास येत होता. हळदकुंकवाला आली तेव्हा. मी दारात होतो."

तिच्या स्वतःच्या वाफ्यातली फुलं तोडली तरी तो वास येणारच, हे मला कळत होतं. पण संशयाचं असं असतं की तो पुराव्याची वाट बघत नाही. पुरावा नाही हेच त्याला संशयास्पद वाटतं. मी लीलावयनीच्या बोटांकडे बघायला लागले. ती बोलत असली की मी ऐकायच्या ऐवजी तिच्या हातांकडे बघायची. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती हात पदराखाली घ्यायला लागली. आणि तिने हात पदराखाली घेतले म्हणून मला आणखी शंका यायला लागली.

गेल्या साली मुलगा गणपतीला मुंबईहून आला, वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने, मांडीवर दिव्याचं खोकं सांभाळत. ह्यांनीच सांगितलं होतं आणायला. चांगला मोठा पांढरा दिवा, मैदानात लावतात तसला. पडवीच्या आतल्या भिंतीवर उंच तो ठोकला आणि तोंड शेवंतीच्या वाफ्याकडे केलं. पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं तेव्हा वाफ्यातला खडा न् खडा दिसला. पानांच्या शिरा मोजाव्यात असा उजेड. हे पडवीच्या पायरीवर बसले आणि समाधानाने म्हणाले, "चोराला उजेड खपत नाय." त्या दिवसापासून तिन्हीसांजेला दिवा लागायचा तो उजाडल्यावरच विझायचा. देवापुढचं निरांजन एखादवेळी विसरलं असेल, हा दिवा नाही.

दोन-तीन दिवसांनी लीलावयनी गडग्याशी आली. कोपर टेकलं नाही, सरळ उभी राहिली.

"वयनी, ह्यो दिवा कुनासाठी लावलाव?"

"चोरासाठी," मी म्हटलं. हसत म्हणायचं होतं, पण हसू आलं नाही.

"मंग त्याचा उजेड माज्या चुलीवर कशाला पडतोय?"

मी वळून बघितलं. खरंच, गडगा ओलांडून उजेड तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडत होता. तिचा शेवंतीचा वाफा गडग्याच्या आडोशाला, खालच्या अंगाला, तिथे अंधारच होता. पण खिडकी उंचावर. भाकऱ्या थापताना तिच्या तोंडावर आमचा दिवा. मी "ह्यांना सांगते" म्हटलं आणि सांगितलंही. ह्यांचं म्हणणं, ज्याने काही केलं नाही त्याला उजेडाचा त्रास व्हायचं कारण काय? दुसऱ्या दिवशी लीलावयनीने खिडकीला आतून गोणपाट लावलं. त्यानंतर ती गडग्याशी आली नाही.

शेवंती मात्र माजली. असं झाड मी आयुष्यात बघितलं नव्हतं. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, उंची मांडीला लागेल एवढी. कारवीच्या काठ्या रोवून बांधावी लागली. आम्ही दोघं खूश. हे म्हणाले, बघ, कोणी हात लावला नाय म्हणून कशी वाढल्येत. आश्विन लागला. घटस्थापना झाली. मी रोज शेंडे उलगडून बघत होते, पण कळी म्हणून कुठे नाही. दसऱ्याला झेंडूवर भागवलं. दिवाळी आली आणि गेली, झाडं नुसती हिरवीच. महाडच्या बाजारातून घाटावरची टपोरी फुलं आणून लक्ष्मीपूजन केलं. वास नसलेली ती फुलं देवापुढे ठेवताना मला आईची इतकी आठवण झाली की मी आत जाऊन पदराने डोळे पुसले.

आणि गडग्यापलीकडे लीलावयनीचा वाफा पिवळाधमक. त्याच मुनव्यांची झाडं, तोच पाऊस, तीच माती. एका अंगाला पान दिसत नाही एवढी फुलं आणि दुसऱ्या अंगाला फूल दिसत नाही एवढी पानं.

आता संशयाला काय कमी? ह्यांनी सांगितलं, मिठाचं पाणी घातलं असणार मुळाशी. मी म्हटलं, मिठाने झाड मरेल, माजेल कशाला? मग हे म्हणाले, नजर. ह्यांचा नजरेवर विश्वास नाही, पण दुसरं काही सापडत नसलं की ठेवतात. एकदा वाफ्यात वाळून काळं पडलेलं लिंबू सापडलं. हे ते काठीने ढकलत ढकलत रस्त्यापलीकडे घेऊन गेले. आमचंच लिंबाचं झाड वाफ्यावर ओणवलेलं आहे आणि त्याची लिंबं वर्षभर गळतात, हे मला माहीत होतं, ह्यांनाही होतं. तरी मी त्या दिवशी वाफ्याभोवती मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. पलीकडे लीलावयनी कपडे वाळत घालत होती. तिने बघितलं. कोणासाठी उतरतेय ते तिला विचारावं लागलं नाही. ती ओला कपडा तसाच हातात घेऊन घरात गेली, आणि तिचं ते जाणं मला अजून दिसतं.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी वाफ्यातलं तण काढत होते. सगळ्या हिरव्यात मध्येच काही झाडांना कळ्या दिसल्या. दोन-चार फुटलेल्याही होत्या. धावत ह्यांना सांगावं असं वाटलं, पण मी थांबले, कारण त्या झाडांची जागा चमत्कारिक होती. सगळीकडे विखुरलेली नव्हती. पडवीच्या खांबापासून गडग्यापर्यंत एक तिरपा पट्टा, इकडे अरुंद, तिकडे रुंद होत गेलेला. कोणीतरी दोरी धरून आखावा तसा. पट्ट्यात कळ्या, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना काही नाही. एक झाड तर कडेवर होतं, त्याच्या एका फांदीला कळ्या आणि दुसरी कोरी. हे कोणी केलं, कशाने केलं, माझं डोकं चालेना. माझ्या मनात नको ते आलं.

तेवढ्यात तिन्हीसांज झाली आणि पडवीत ह्यांनी बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला. भिंतीवरच्या दिव्याच्या आणि वाफ्याच्या मध्ये पडवीचा खांब उभा आहे. त्या खांबाची सावली वाफ्यावर पडली, इकडे अरुंद, तिकडे रुंद. कळ्यांचा पट्टा नेमका त्या सावलीत. एकही कळी उजेडात नव्हती.

मी तशीच मातीच्या हातांनी उभी राहिले. शेवंतीला कळी धरायला रात्र लागते, लांब आणि काळी. म्हणून तर ती दिवस लहान व्हायला लागले की फुलते. आई दिवेलागणीनंतर फुलझाडांकडे कंदील नेऊ द्यायची नाही. म्हणायची, झोपू दे त्यांना. मला वाटायचं, आपली माया. आम्ही तीन महिने त्या झाडांना झोपूच दिलं नव्हतं. आणि गडग्याच्या आडोशाला, अंधारात असलेली लीलावयनीची झाडं बिचारी आपल्या वेळेवर फुलली होती.

मी ह्यांना बोलावलं, पट्टा दाखवला, सावली दाखवली. हे खांबाकडे बघत राहिले, मग दिव्याकडे, मग पुन्हा वाफ्याकडे. ज्याच्यावर पक्का संशय आहे अशा प्रवाशाने शांतपणे खिशातून तिकीट काढून हातात द्यावं तेव्हा ह्यांचा चेहरा असाच होत असणार. मग म्हणाले, "तसंही बिल फार यायला लागलंय," आणि दिवा बंद केला. तो पुन्हा लावला नाही. आता त्याच्यात गांधीलमाशीने घर केलंय.

पौष सरता सरता वाफा फुलला. कुठलाच सण नाही, व्रत नाही, नुसतीच फुलं. मी ती तोडली नाहीत आणि कोणी चोरलीही नाहीत. आदल्या साली फुलं कोण नेत होतं ते मला आजही ठाऊक नाही. बकरीवरचा संशय मी अजून ठेवलेला आहे.

खरा पेच पुढे होता. लीलावयनीशी बोलायचं कसं? भांडण झालं असतं तर सोपं होतं, भांडण मिटवता येतं. पण आम्ही तिला कधी चोर म्हटलंच नव्हतं. तोंडाने एक शब्द गेला नव्हता. माफी मागायची तर आधी उघड सांगावं लागेल की आम्ही तुला चोर समजत होतो, आणि जे तिने नुसतं ओळखलं होतं ते तिच्या कानात घालावं लागेल. फाल्गुनात छाटणी झाली तेव्हा मी दगडावर केळीचं पान अंथरलं, मुनवे ठेवले. संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते, सुकून माना टाकलेले. तिने दगडावर काही ठेवलं नाही. ठेवायची तिला गरजही नव्हती. तिचा वाफा तिच्यापुरता भरलेला होता.

मग यंदाचा आषाढ. डोंगरावरून वहाळाला लोंढा आला आणि खालच्या अंगाला शिरला. आमचं घर चार हात उंच, आमच्याकडे पायरीपर्यंतच पाणी. लीलावयनीचं परस दोन दिवस पाण्याखाली, आणि ती तर रोपं पावसातही उंच वाफ्यावरच ठेवायची. पाणी उतरलं तेव्हा मागे गाळ राहिला, गुळगुळीत, करडा, पावलावर पावलं उमटतील असा. ती कुदळ घेऊन वाफा कुठे होता ते शोधत होती. एक झाड वर आलं, ते तिने हातात घेऊन झटकलं, मुळं बघितली आणि टाकून दिलं. मी गडग्याशी गेले. तोंड उघडणार तोच ती पाठ फिरवून दुसऱ्या कोपऱ्यात खणायला लागली. माझ्याकडे पागोळीच्या आत डबे भरून रोपं होती, आणि ती द्यायची सोय राहिली नव्हती. मी नेऊन दिली असती तर तिला ती भीक वाटली असती. पुन्हा दगडावर ठेवली असती तर पुन्हा सुकली असती. त्या दिवशी मला आमच्या गडग्याची उंची पहिल्यांदा कळली.

पाऊस जरा ओसरल्यावर मी रोपांचे डबे गडग्याच्या कडेने उन्हात मांडले. शेंडे खुडायची वेळ झाली होती. आषाढ-श्रावणात कोवळे शेंडे खुडले की झाडाला फांद्या फुटतात, आणि खुडलेले शेंडे ओल्या वाळूत खोचले तर त्यांचीही रोपं होतात. सकाळी लवकर मी डब्यांपाशी गेले आणि थांबले.

गडग्याच्या बाजूच्या सगळ्या रोपांचे शेंडे खुडलेले होते.

कसे खुडले होते ते मी वाकून बघितलं. बकरीने खाल्लेले नव्हते. पान जिथे फुटतं त्याच्या बरोब्बर वर, नखाने, एका झटक्यात. प्रत्येक रोपाचा एकच, वेडावाकडा एकही नाही. असं खुडायला मी एकीलाच बघितलं आहे, आणि तिनेच मला ते शिकवलं होतं. माझ्या अंगातला सगळा संशय त्या क्षणी जागा झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खरा ठरला. मला इतका आनंद झाला की मी डब्यांपाशी मटकन खालीच बसले. तिला आईची शेवंती हवी होती. मागायची नव्हती, घ्यायची नव्हती, तरी हवी होती.

मी कोणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी डबे आणखी थोडे गडग्याकडे सरकवले, एवढंच केलं.

आणि आज सकाळी ह्यांचा हा प्रश्न. चहा संपला, तरी हे हटले नाहीत. कप पायरीवर ठेवून सरळ गडग्यापर्यंत गेले. पलीकडे लीलावयनी डब्यांना तांब्याने पाणी घालत होती, आमच्याकडे पाठ करून. तिला सगळं ऐकू जात होतं.

"नाय, मी म्हंतो, वाफा तर पार गेलावता," हे माझ्याकडे वळून म्हणाले, पण तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मग ही आली कुठनं?"

पाण्याचा आवाज थांबला.

"मी दिली," मी म्हटलं.

"तू? कधी?"

"आषाढात. शेंडे खुडले तेव्हा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीच्या दारातून बघायचे तसं, सावकाश. मी खिसे चाचपले नाहीत. मग हे लीलावयनीच्या पाठीकडे वळले. ती अजून तशीच उभी होती, हातात तांब्या धरून. मला वाटलं, आता आत जाईल, गेल्या साली ओला कपडा घेऊन गेली तशी.

ती वळली. गडग्याशी आली. तांब्या त्या सपाट दगडावर ठेवला आणि कोपर टेकलं.

"व्हय भावोजी," ती म्हणाली, "वयनीनंच दिलान."